बद्द

मिस्त्री हातोडीने ठोकत ठोकत गाडीच्या पोटाखालून मागे सरकत होता आणि तो बाजूला उकिडवा बसून ऐकत होता. टण, टण, टण. आणि मग, डाव्या मागच्या चाकाच्या थोडं अलीकडे, बद्द. मिस्त्रीचा हात थांबला. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. मडकं घेताना बोटाने वाजवून बघावं आणि ते चिरलेलं निघावं, तसा आवाज. मिस्त्री खालूनच म्हणाला, “ऐकलंत ना, डॉक्टर? तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा तर धंदाच कानाचा.” त्याने ऐकलं होतं. आणि ऐकल्याबरोबर त्याचा जीव भांड्यात पडला होता. वाईट कानावर आलं की माणसाचं तोंड उतरतं. त्याच्या छातीतून मात्र एक लांबलचक, निवांत श्वास बाहेर पडला, आणि तो पडताना त्याचा त्यालाच स्पष्ट ऐकू आला. तो दचकला. आपण खूश झालो की काय? मिस्त्रीच्या लक्षात आलं नसावं, पण त्याने उगाच खोकून घेतलं.

डॉक्टर वगैरे तो नव्हता. लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासायचं, एवढंच त्याचं काम. काचेच्या छोट्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि तो हात वर करतो का ते बघायचं. पण ओळखीचे सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि त्यानेही हल्ली नाही म्हणणं सोडून दिलं होतं. मिस्त्री बाहेर आला, पाठीची माती झटकली आणि म्हणाला, “वरून नवरी आहे, खालून विचारू नका. इतकं डांबर थापलंय की आत लोखंड आहे का नुसतं डांबरच उभं आहे, देव जाणे. सगळं खरवडावं लागेल. चांगलं लोखंड निघालं तर लाल हात मारू, त्यावर काळा मारू, पोरगी खुशाल डोंगर चढू दे. भुगा निघाला तर मात्र भंगारात द्या. चासी म्हणजे गाडीचा कणा, तो पोकळ असला तर चढावर कधी मान टाकेल, सांगता येत नाही. उद्या लावतो माझा माणूस.” तो घाईघाईने म्हणाला, “नको, नको. मी करतो. घरीच करतो. तुमचे ते लोखंडी घोडे तेवढे द्या, गाडी वर चढवायला.” मिस्त्रीने त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, मग त्याच्या बोटांकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, “डोळ्यांवर काहीतरी बांधा हो. गंज डोळ्यात गेला की बायकोसुद्धा ओळखू येत नाही.”

जीप हळूहळू घरी नेताना तो सारखा स्वतःला विचारत होता, मी करतो असं आपण का म्हणालो? उत्तर त्याला माहीत होतं, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. दुसऱ्याने खरवडलं असतं तर जे निघालं असतं ते सगळ्यांना दिसलं असतं. आपण एकट्याने खरवडलं तर जे निघेल ते आपण सांगू तेच. इतकं साधं होतं ते. त्याच्या मुलीला, भिंगरीला, नदीखात्यात नोकरी लागली होती. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत आणि ते नाव मोठेपणीही तिच्या अंगाला चिकटून राहिलं होतं. वरच्या डोंगरांत, नद्या जिथे नुकत्याच सुरू होतात तिथे, पाण्याची उंची मोजायची ठाणी होती आणि तिथवर साधी गाडी जात नसे. खात्याकडे गाड्या कमी. ज्याची स्वतःची, चारही चाकं ओढणारी गाडी असेल त्याला वरचं काम, बाकीच्यांनी शहरातल्या कचेरीत बसून वरून आलेले आकडे उतरवायचे. भिंगरीने सरळ लिहून दिलं होतं, गाडी आहे. गाडी होती म्हणजे तिच्या आजोबांची, अप्पांची, जीप होती. वरचं काम मिळालं तेव्हा ती घरभर नाचली होती, आईला धरून तिने गरागरा फिरवलं होतं, आणि तो खुर्चीत बसून हसत होता. चांगलं हसत होता. हसण्याचा आवाजसुद्धा बरा येत होता.

घरी गेल्यावर त्याने सांगितलं की एका ठिकाणी आवाज बरोबर नाही, बघावं लागेल. भिंगरी म्हणाली, “म्हणजे गेली?” तो म्हणाला, “खरवडल्याशिवाय काय सांगणार.” ती तशीच आत गेली. बायको म्हणाली, “अहो, घरातला नळ गळतोय तो तुमच्याच्याने दुरुस्त होत नाही, आणि तुम्ही गाडी उलटी करून खरवडणार?” उलटी नाही, वर चढवून, असं त्याने समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तेच ते. तुम्ही खाली आणि गाडी वर. मला सगळं उलटंच दिसतंय.”

सुटीच्या दिवशी सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने जीप घोड्यांवर चढवली, चाकं काढली, जुना पुठ्ठा अंथरला आणि उताणा होऊन खाली सरकला. खालून ती गाडी त्याला ओळखीची वाटेना. वरून तिचं सगळं पाठ होतं, दाराची कुरकुर, पुढच्या काचेवरचा चरा, अप्पांच्या कोपराने झिजलेली खिडकीची कड. पण वडिलांच्या गाडीचं पोट त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. काळं, खडबडीत, सुरकुतलेलं. डांबर मोठमोठ्या ओघळांनी खाली आलेलं आणि तसंच वाळलेलं. त्याने खरवडायची लोखंडी पट्टी टेकवून तिच्यावर हातोडी मारली. एक खपली सुटली आणि त्याच्या हनुवटीवर पडली. खपलीच्या खालीही डांबरच होतं. त्याखालीही. रॉकेलचा बोळा फिरवायचा, पट्टी लावायची, ठोकायचं, तारेच्या ब्रशने घासायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. थोड्या वेळाने त्याच्या खांद्यांतून कळा येऊ लागल्या आणि त्या कळांबरोबर त्याला बरंही वाटू लागलं, कारण हात चालू असले की डोक्यातलं बोलणं ऐकू येत नाही असा त्याचा समज होता. तो समज फार टिकला नाही.

अप्पा जनावरांचे डॉक्टर होते, खरेखुरे. कुठल्याशा डोंगरावर कुणाची गाय अडली की निरोप यायचा, अप्पा बॅग उचलायचे आणि ही जीप निघायची. जायचे ते कुठे जातो हे सांगायचे, कधी येणार हे मात्र सांगायचे नाहीत, कारण ते गाईलाच माहीत, असं म्हणायचे. संध्याकाळ झाली की आई त्याला पायरीवर बसवायची. “तुझे कान तिखट आहेत, तू ऐक,” म्हणायची आणि आत जाऊन कामाला लागायची. तो ऐकायचा. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन तो कानाने निवडून टाकायचा, हा ट्रक, ही बस, ही दुसऱ्या कुणाची जीप, आणि मग फार लांबून, वळणाच्याही पलीकडून, गिअर बदलतानाची ती एक घरघर यायची आणि तो ओरडायचा, “आले!” बाकी कुणाला अजून काही ऐकू आलेलं नसायचं. आई दारात येऊन थांबायची आणि बऱ्याच वेळाने जीप दिसायची. सगळे त्याच्या कानांचं कौतुक करायचे. पण त्या पायरीवर तो काय करत होता हे कुणी बघितलं नव्हतं. श्वासाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून तो श्वास धरून ठेवायचा. जोवर घरघर आली नाही तोवर अप्पा नाहीत, असंच त्याला वाटायचं. आपण नीट ऐकलं नाही तर ते येणारच नाहीत, असंही वाटायचं. एकदा ते आले नाहीत. रात्र झाली, आईने त्याला हाताला धरून आत नेलं, तरी तो अंथरुणात ऐकतच राहिला. सकाळी अप्पा चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर हसू. नदीत गाडी अडकली होती म्हणे, बैल लावून काढावी लागली. आई हसली, शेजारचेही हसले. त्याला मात्र उलटी झाली आणि सगळ्यांनी ती खाण्यावर ढकलली.

ब्रश थांबला होता हे त्याच्या लक्षात आलं. तो पुन्हा घासू लागला. माणसाने कानाचंच काम का निवडलं असेल, असं त्याला पूर्वी कुणी विचारलं की तो काहीतरी गमतीचं सांगून वेळ मारून नेई. आता गाडीखाली पडल्या पडल्या त्याला वाटलं, आपण कधी उठलोच नाही त्या पायरीवरून. अप्पा म्हातारे होऊन, घरच्या खाटेवर, सगळे जवळ असताना गेले, तेव्हा रडता रडता त्याला एक गोष्ट सुटल्यासारखी वाटली होती, की चला, आता कुणाची घरघर ऐकायची राहिली नाही. आणि आता भिंगरी. तीच गाडी, तेच डोंगर, आणि पायरीवर पुन्हा तोच. नाही. ते त्याच्याने होणार नव्हतं. चासी पोकळ निघाली तर तिला कुणी नाही म्हणायला नको, लोखंडच नाही म्हणेल. ती दोन दिवस रुसेल, मग कचेरीत जाऊ लागेल, संध्याकाळी घरी येईल. त्या ‘बद्द’मध्ये त्याला हे सगळं एकदम ऐकू आलं होतं. मुलीच्या नशिबातलं मोडलेलं ऐकून बाप खूश झाला होता. त्याला स्वतःची शिसारी आली, तरी हातातली पट्टी आपोआप मागच्या चाकाकडे सरकली.

तिथला थर सगळ्यात जाड होता. पट्टी आत शिरेना. त्याने दात आवळून ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि एकाएकी डांबराचा एक मोठा तुकडा, हाताच्या बोटाएवढा जाड, सुटून त्याच्या छातीवर पडला. वर लोखंड दिसत होतं. गंज नव्हता. राखी, स्वच्छ, कारखान्यातून आल्यासारखं लोखंड. त्याने हातोडी हलकेच टेकवली. टण. त्याने जरा पुढे ठोकलं, जिथे डांबर अजून होतं. बद्द. डांबर काढलं. टण. तो तसाच पडून राहिला आणि मग एकटाच मोठ्याने हसला, इतका की तोंडात धूळ गेली. रोज त्याच्यासमोर माणसं येऊन बसतात, आपण बहिरे झालो म्हणून चेहरे पाडून, सोबतच्यांनी आशा सोडलेली, आणि तो पहिली गोष्ट काय करतो? कानात बत्ती मारून बघतो. मळ असतो आत, दुसरं काही नाही. मळ काढला की माणूस टुणकन उठून बसतो. कान तपासण्याआधी कानात बघ, ही त्या धंद्यातली अगदी पहिली शिकवण, नव्या माणसाला तोच दटावून सांगतो. आणि इथे त्याने बाहेरूनच ठोकलं, बाहेरूनच ऐकलं आणि गाडी आतून गेली असा निकालही देऊन टाकला. मिस्त्रीला माफ होतं. याला नव्हतं. याला ते ऐकायचंच होतं.

हसू ओसरलं तसं त्याला वाईट वाटलं, खरंखुरं वाईट. म्हणजे ती जाणार. त्याने उरलेला भाग तपासला. एका कोपऱ्यात, जिथे चिखल साचून राहत असावा, तिथे मात्र बोटाच्या दाबाने पत्रा चुरला आणि एक भोक पडलं, बोट जाईल एवढं. तो त्या भोकाकडे बघत राहिला. मिस्त्री ठिगळ जोडून देईल, अर्ध्या तासाचंही काम नाही. पण सांगणाऱ्याने सांगायचं ठरवलं तर भोक हे भोक असतं. भुगा निघाला, एवढं म्हटलं की झालं. खाली वाकून बघायला कोण येतंय? तो शब्द तोंडात फिरवून बघत होता, भुगा निघाला गं, भुगा, आणि तेवढ्यात पुठ्ठा सरकल्याचा आवाज झाला, आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, भिंगरी येऊन पडली. केसांना फडकं बांधलेलं, हातात दुसरा ब्रश. तिने वर बघितलं. गाडीखाली एवढीशी जागा. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, दोघांचे डोळे वर, चासीवर.

“काय निघालं?” तिने विचारलं.

त्याच्या तोंडात शब्द तयार होता. पण तिचा आवाज त्याने ऐकला. दिवसभर आवाज ऐकणाऱ्या माणसाला त्यात काहीतरी खटकलं. तो आवाज नाचणाऱ्या मुलीचा नव्हता. काचेच्या खोलीत बसून आपल्याला काय सांगतात याची वाट बघणाऱ्या माणसाचा होता.

“चांगली आहे,” तो म्हणाला. “टणक आहे. डांबरामुळे तसा आवाज येत होता. तिकडे कोपऱ्यात एक भोक आहे, तेवढं ठिगळ मारलं की झालं.”

त्याने वाट बघितली, ओरडेल, ब्रश आपटेल, आईला हाक मारेल. मग ती अगदी हळू म्हणाली, “अच्छा.”

“अच्छा काय? खूश नाहीस?”

“बाबा, तू रागावशील.”

“या खाली कुणाला रागावता येतंय? हात वर केला की डोकं आपटतं.”

ती जराशी हसली. मग भडाभडा बोलत सुटली. “मला वाटत होतं भुगा निघेल. परवा तू म्हणालास ना आवाज बरोबर नाही, मी आत जाऊन पडले आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. सगळ्यांना सांगून बसलेय मी. मैत्रिणींना, कचेरीत, आईला. नाचलेय काय. आणि रात्री झोप येत नाही. एकटीने तिथे जायचं, नदी ओलांडायची, काही झालं तर? गाडीच गेली असती तर मला भित्री कुणी म्हटलं नसतं. गाडीवर ढकलून मोकळी झाले असते. पोरगी आजोबांवर गेलीय, बेडर आहे, असं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. मी नाहीये बेडर.”

हीच वेळ होती. तिने ताट वाढून पुढे ठेवलं होतं. त्याने फक्त म्हणायचं होतं, मग नको जाऊस बाळा, एवढं काय अडलंय. आणि ते म्हणायला त्याने तोंड उघडलंही. पण नजर वर होती, आणि वर अप्पांचं डांबर होतं, अजून न खरवडलेलं, थरावर थर, ओघळांवर ओघळ. तो आता ते पहिल्यांदा नीट बघत होता. अप्पांचं ते वार्षिक काम त्याला आठवलं, पावसाच्या आधी डांबर पातळ करायचे, कपाळाला रुमाल बांधून गाडीखाली जायचे, आई बाहेरून ओरडायची, पुरे आता, आणि आतून आवाज यायचा, “अजून एक हात.” दरवर्षी. ज्याला गरज नव्हती त्या लोखंडावर. जिथे पाणी पोचणंही शक्य नव्हतं त्या फटींत बोटाने डांबर भरलेलं होतं, बोटाच्या रेघा अजून दिसत होत्या. हे बेडर माणसाचं काम होतं? नदीत गाडी अडकवून हसत हसत घरी आलेल्या माणसाचं? पायरीवर आपण श्वास धरून बसायचो आणि इकडे हा माणूस गाडीखाली पडून, कुणाला तोंड न दाखवता, बोटाबोटाने भीती थापत होता. आणि निरोप आला की जात होता.

“हे बघ,” तो म्हणाला आणि छातीवरचा तो जाड तुकडा त्याने तिच्या हातात दिला. “हे तुझ्या आजोबांनी मारलेलं. किती आहे बघ. कुणी इतकं डांबर मारतं का गं? घाबरायचे ते. फार घाबरायचे. मला आज कळतंय.”

तिने तो तुकडा डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. “आजोबा?”

“आजोबा. आणि मीही. मिस्त्रीने बद्द म्हणून वाजवलं तेव्हा मला तुझ्यासारखंच बरं वाटलं. तू आत जाऊन पडलीस, मी तिथेच खोकलो.”

मग ती हसायला लागली, आधी नाकातून, मग पोट धरून, आणि पोट धरता धरता तिचं कपाळ वरच्या पाइपावर आपटलं आणि ती आई गं म्हणून ओरडली आणि तरी हसत राहिली. त्यालाही आवरेना. घरातून बायकोचा आवाज आला, “काय झालं? पडली का गाडी?” “नाही, चांगली आहे!” दोघं एकदम ओरडले.

हसून हसून दमल्यावर त्याने तिला सांगितलं, “मी जा म्हणणार नाही आणि नको जाऊस असंही म्हणणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तू म्हण, गाडीला मध्ये घेऊ नकोस. कचेरीत बसलीस तरी मला चालेल, मनापासून चालेल. गेलीस तर मी घाबरेन. घाबरेन म्हणजे मरणार नाही.” हे म्हणताना त्याला वाटलं होतं की छाती आवळून येईल. तसं काही झालं नाही. उलट छातीवरून कुणीतरी वजन उचलल्यासारखं झालं. भीती तिथेच होती, पण आता तिला गाडीखाली पडून एकट्याने सांभाळायचं नव्हतं.

भिंगरीने पुढच्या बाजूला सरकून खरवडायला सुरुवात केली, आणि ती चांगली खरवडत होती, त्याच्यापेक्षा नेटाने. दुपारपर्यंत डावी बाजू उघडी झाली. त्यांनी ती रॉकेलने पुसली, कोरडी केली, आणि बायकोने बाहेरून लाल प्रायमरचा डबा आत सरकवला. “मी याच्या वासाने मरेन,” असं म्हणत ती तिथेच खुर्ची टाकून बसली. पहिला पट्टा भिंगरीने ओढला. राखी लोखंडावर लाल रंग पसरत गेला. तो उताणा पडून बघत होता, ब्रश येतोय, जातोय, थेंब कडेला जमतोय, ती बोटाने तो उचलतेय. एकदम ती म्हणाली, “बाबा, पहिल्या वेळेला तू येशील माझ्याबरोबर? नदीपर्यंत? मग मी पुढे जाईन आणि तू परत ये.”

“परत कसा येऊ? गाडी तुझ्याकडे.”

“चालत ये,” ती म्हणाली.

“येईन,” तो म्हणाला.

मग ती पुन्हा रंगाला लागली. फटींत ब्रश जात नव्हता तिथे ती बोटाने रंग भरत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. त्याच्या पाठीखालचा पुठ्ठा उन्हाने कोमट झाला होता. वरून एक लाल थेंब त्याच्या गालावर पडला, तो पुसायला हवा असं त्याला वाटलं, आणि हात उचलायच्या आत, दोन्ही कान उघडे टाकून, तो गाढ झोपला.